काढ्याचं मडकं

दुपारचे चार वाजले की आमच्या कॉरिडॉरमध्ये काढ्याचा वास येतो. ज्येष्ठमध, वाळवलेली संत्र्याची साल, कसलीशी कडू मुळं आणि मातीचं मडकं तापल्यावर येतो तो वास. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. दोघं सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री हॉकर सेंटरमधून जेवण बांधून घेऊन येतात. त्यांच्या शेगडीवर पाण्यापलीकडे काही उकळत असेल असं मला वाटत नाही. तरी वास येतो. मी उठून दार उघडते, कॉरिडॉरभर बघते, परत येऊन बसते. "खालच्या मजल्यावरून येत असेल गं," असं माझा नवरा निखिल म्हणतो. त्याचं बरोबरच असेल. पण तो वास बरोबर चारलाच येतो, आणि चार ही लान आंटींची वेळ होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. संख्याशास्त्र शिकले, विमा कंपनीत नोकरी करते, तीही बहुतेक घरूनच. कोण किती जगेल याचे अंदाज बांधणं हाच माझा धंदा. तेव्हा मला झपाटलंय असं मी चारचौघांत म्हणणार नाही. इथे लिहिते, कारण कुठेतरी लिहायला हवं.

लान आंटींची आणि आमची ओळख झाली ती जिभेमुळे. सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या या नवव्या मजल्यावर राहायला येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते. निखिल जहाजावर इंजिनियर, म्हणजे नेमका सामान हलवायच्या वेळी समुद्रात. मी आणि पाच वर्षांची रेवा लिफ्टची वाट बघत उभ्या होतो. शेजारी एक ठेंगणी चिनी म्हातारी येऊन उभी राहिली. फुलाफुलांचा ढगळ ब्लाउज, घोट्यापर्यंतची पँट, शाळकरी मुलीसारखे कापलेले केस आणि दोन्ही कानांवर एकेक काळी पिन. तिने रेवाकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "टंग."

रेवाने माझ्याकडे बघितलं. माझी लेक एरवी मी सांगितलेलं एक काम पहिल्या हाकेत करत नाही, पण तिने त्या अनोळखी बाईसमोर झटकन जीभ बाहेर काढली. बाईने मान तिरकी करून नीट पाहणी केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टू मच हीटी. बिस्किट खाती? चिप्स खाती?" आणि उत्तराची वाट न बघता, "संध्याकाळी मी बार्ली देते," असं म्हणून लिफ्टमध्ये शिरली. त्यांचं इंग्रजी असं तुकड्यातुकड्याचं होतं. मी इथे बरंचसं मराठीत लिहिते आहे, पण त्यांचा तो तुटक ताल अजून माझ्या कानात आहे.

पुढे कळलं की त्या सगळ्यांचीच जीभ बघत. पोस्टमनची, लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाची, कॉरिडॉर झाडणाऱ्या बांगलादेशी मुलाचीसुद्धा. आमच्या मजल्यावर नव्याने आलेल्या माणसाची खात्री पटे की म्हातारी वेडी आहे. महिन्याभरात तोच माणूस सकाळी आपण होऊन जीभ काढून त्यांच्या दारात उभा राही. मग त्या आत जात आणि झाकण लावलेलं एखादं भांडं घेऊन येत. औषध म्हटलेलं त्यांना चालत नसे. "नॉट मेडिसिन. सूप ओन्ली," म्हणायच्या. औषध आजाऱ्याचं, सूप घरातल्या सगळ्यांचं. आजारी पडल्यावर धावपळ करणारी माणसं त्यांना आळशी वाटत.

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी रोज एक पान फाडायचं चिनी कॅलेंडर टांगलेलं होतं आणि काय शिजायचं ते त्या कॅलेंडरवर ठरायचं. बाहेर तेहतीस डिग्री ऊन, घाम गळतोय, पाठीवर ओढणी चिकटलीय, आणि लान आंटी गंभीरपणे सांगणार, "आजपासून दव पडतं. आता नाशपाती."

"आंटी, इथे कुठे दव पडतं?"

"हिअर नो. कॅलेंडरमध्ये आहे."

दव लागलं की नाशपाती आणि मश्रूमसारखी पांढरी बुरशी खडीसाखरेत शिजवायची, फुप्फुसं कोरडी पडू नयेत म्हणून. हिवाळा लागला की लाल खजूर, आलं, काळे तीळ. उन्हाळ्यात कोहळ्याचं पाणी आणि शेवंतीच्या फुलांचा चहा. त्या स्वतः जन्मल्या सिंगापूरमध्ये; हिवाळा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आई चीनमधल्या कुठल्याशा खेड्यातून बोटीने आलेली, ती येताना ऋतू बरोबर घेऊन आली आणि मुलीला देऊन गेली. मला हसू यायचं. मग जानेवारीत मी उकाड्यात घामाघूम होऊन तीळ भाजत होते, 'थंडीत तीळ उष्ण, खावेत,' असं रेवाला सांगत होते, तेव्हा माझंच मला ऐकू आलं आणि माझं हसू बंद झालं.

उष्ण आणि थंड यावरून आमचं जमलं. दुधात सुंठ का, रात्री दही का नको, आंबा खाऊन गळवं का येतात, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही आणि त्यांचं मला. ज्येष्ठमध त्यांच्याकडे, ज्येष्ठमध आमच्याकडे. त्यांच्या सूपमध्ये पांढरे गोल दाणे असत ते आमचे मखाणेच निघाले, फक्त लाह्या न केलेले. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला त्या मांसमच्छी खात नसत, म्हणून आमचे उपासही त्यांना चमत्कारिक वाटले नाहीत. ऑफिसातल्या माझ्या मराठी मैत्रिणी गूगल करून आहार ठरवायच्या. आईनंतर 'हे तुला बाधेल' असं मला ठणकावून सांगणारं माणूस एवढं एकच होतं.

आई साताऱ्याहून दोन महिने आली होती तेव्हाची गोष्ट. दोघींना एकमेकींची एक अक्षर भाषा येत नव्हती. एका सकाळी आंटी तिला वेट मार्केटमध्ये, म्हणजे भाजी-मासळीच्या बाजारात, घेऊन गेल्या आणि तासाभराने मी त्यांना शोधत गेले तर दोघी एका फळवाल्याच्या गाळ्यासमोर भांडत होत्या. दोन टोपल्या पुढे ओढून ठेवलेल्या. एका टोपलीत उष्ण, एकीत थंड. कलिंगड थंड, एकमत. लिची उष्ण, एकमत. ड्युरियनला आईने पदराने नाक धरूनच उष्ण म्हटलं आणि आंटींनी तिच्या पाठीवर थाप मारली. भांडण पपईवर अडलं होतं. आई पपई उचलून उष्ण टोपलीत टाके, "अहो बाई, गरोदर बाईला कुणी पपई देतं का?" आंटी ती तिथून काढून दुसरीत ठेवत, "नो, नो, नो." फळवाला हात जोडून उभा. शेवटी पपई दोन्ही टोपल्यांच्या मध्ये ठेवून तह झाला आणि तीच पपई विकत घेऊन दोघी घरी आल्या. जाताना आई म्हणाली, "तुझी मला आता काळजी नाही. ही आहे."

आई साताऱ्याला परत गेली, पण तिची एक सवय माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आंटींच्या वाडग्यातून सूप यायचं आणि वाडगा परत जाताना त्यात शिरा, चिवडा, खोबऱ्याची वडी, काहीतरी जायचं. एकदा घरात काहीच नव्हतं, म्हणून मी मूठभर साखर घालून दिली. दहा मिनिटांत वाडगा घेऊन आंटी दारात. "शुगर व्हाय? माझ्या घरी साखर आहे." मी समजावलं, आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, देणाऱ्याच्या घरी काही कमी पडू नये म्हणून. त्यांनी ते दोन-तीनदा मान हलवत मनात घोळवलं. "गुड कस्टम," म्हणाल्या, आणि साखर घेऊन गेल्या.

त्यांच्या नवऱ्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. तो इथल्याच गोदीत वेल्डर होता, छातीच्या दुखण्याने गेला. मी उगाच शहाणपणा करून विचारलं, "एवढं सूप देत होतात, तरी?" त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "सूप दिलं म्हणून मरण टळत नाही. सूप दिलं म्हणून रात्री झोपला. मरेपर्यंत रोज झोपला." आणि शेंगा सोलायला लागल्या. आपल्या सूपांबद्दल त्यांचा दावा एवढाच होता. डॉक्टरांशी त्यांचं वैर नव्हतं. उलट कुणी गोळ्या सोडून त्यांच्याकडे आलं तर त्या रागावून परत पाठवत.

रेवा सात वर्षांची असताना तिला तो खोकला झाला. ताप गेला, सर्दी गेली, पण खोकला राहिला. दिवसा बरी असायची. अंथरुणाला पाठ लागली की सुरू. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं स्वच्छ. म्हणाले, विषाणूनंतर असं राहतं, आपोआप जाईल. आपोआप म्हणजे कधी ते विषाणूच जाणे. निखिल ब्राझीलच्या वाटेवर होता. मी रात्रभर पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसायची आणि सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये डुलक्या घ्यायची.

कॉरिडॉरपलीकडे आंटींना सगळं ऐकू जात असणार. चौथ्या-पाचव्या सकाळी त्या दारात आल्या. "डॉक्टरला विचार. डॉक्टर बोला ओके, मग मी शिजवते." मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नोंदणी झालेल्या वैद्याकडून असेल आणि काय आहे ते मला दाखवणार असाल तर हरकत नाही. मग आंटी आम्हाला मेडिकल हॉलमध्ये घेऊन गेल्या. आपल्याकडे काष्ठौषधीचं दुकान असतं तसं, भिंतभर लाकडी खण. मागच्या खोलीतल्या वैद्याने रेवाची नाडी पाहिली आणि पुढे दुकानदाराने गुलाबी कागदावर एकेक मूठ टाकत आठ पुड्या बांधल्या.

त्या दुपारी आंटी मडकं घेऊन आल्या. तपकिरी, बुटकं, आडव्या दांड्याचं आणि चिमणीच्या चोचीएवढ्या तोटीचं. आतून काळं झालेलं. या मडक्यात दुसरं काही शिजवायचं नाही, साबण लावायचा नाही, लोखंडाचा चमचा घालायचा नाही. तीन वाट्या पाणी, मंद आच, एक वाटी उरेपर्यंत. "चार वाजता सुरू कर. जवळ उभी राहा. फोन नो."

पहिले तीन दिवस त्या स्वतः माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. रेवा नाक दाबून प्यायची. "ममा, सो बिटर ला! आय डाय ऑलरेडी!" ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडायची आणि आंटी तिच्या तोंडात मनुका कोंबत म्हणायच्या, "नो से डाय." सहाव्या रात्री रेवा सलग झोपली. मी उठून तिच्या नाकाशी हात धरून बघितला, इतकी मला शांततेची सवय राहिली नव्हती. खोकला काढ्याने गेला की त्याची वेळच भरली होती, हे मी सांगू शकत नाही. एका मुलीवरून निष्कर्ष काढत नाहीत, हे मला शिकवलेलं आहे. पण पोर झोपली, आणि त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं.

आठवी पुडी संपली तेव्हा मी म्हटलं, "मडकं उद्या आणून देते." आंटी घाईने म्हणाल्या, "नो, नो. यू कीप. आय नीड, आय कम टेक." मी म्हटलं, असं कसं. त्यांनी रेवाकडे पाहिलं आणि विषय बदलला. मला वाटलं, भीड पडली त्यांना. दिलेली वस्तू मागू नये, घेणाऱ्याने आपण होऊन द्यावी, एवढी रीत मलाही कळते. दुसऱ्याचं भांडं आपल्या घरात ठेवून घ्यायचं म्हणजे काय? आईला कळलं असतं तर तिने साताऱ्याहून फोनवर माझी शोभा केली असती.

मी मडकं गरम पाण्याने तीनदा विसळलं, उन्हात वाळवलं. रविवारी पहाटे उठून बेसन भाजलं. आंटींना बेसनाचे लाडू फार आवडत. "युवर मूनकेक," म्हणायच्या त्यांना; मूनकेक ही त्यांची सणाची मिठाई. मडक्यात स्वच्छ पांढरा कागद घातला, त्यावर सात लाडू बसवले, वर बदामाचे काप. आणि मोठ्या ऐटीत समोरच्या दाराशी गेले.

आंटी आल्या. जाळीचं दार उघडलं आणि माझ्या हातात काय आहे ते बघून तिथेच थांबल्या. त्यांचे हात दारावरच राहिले. आत सोफ्यावर त्यांची मुलगी हुई बसली होती. ती पासिर रिसला राहते, रविवारी येते. ती ताडकन उठली आणि आईला कँटोनीजमध्ये काहीतरी भराभर बोलली. आवाज चढलेला. आंटी मागे न बघता दोन शब्द बोलल्या आणि हुई गप्प झाली. मी लाडू पुढे करून हसत उभी. मायलेकींचं काही बिनसलं असेल, आपण अवेळी आलो, असं मला वाटलं.

मग आंटींनी दोन्ही हात पुढे केले आणि मडकं घेतलं. "वाह, सो मेनी," म्हणाल्या. "थँक यू, हां." माझ्या खांद्यावरून त्यांनी आमच्या दारात उभ्या असलेल्या रेवाकडे बघितलं, मला वाटतं, बराच वेळ. मग त्या आत गेल्या आणि जाळीच्या दारामागचं लाकडी दारही लावून घेतलं. ते दार दिवसा लागलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी आईला व्हिडिओवर मी अभिमानाने सांगितलं, मडकं भरून परत केलं म्हणून.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आंटींचे ब्लाउज जास्तच ढगळ दिसायला लागले. विचारलं तर म्हणायच्या, "जेवण कमी, वय जास्त." सूप येत राहिलं. मग एक आठवडा आलं नाही. हुई येऊन त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली आणि पोटात गाठ निघाली. बरीच पसरलेली. हुई लिफ्टमध्ये भेटली, मी विचारलं, तिने मजल्यांच्या आकड्यांकडे बघत दोन वाक्यांत सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. दुःखात माणूस असतं तसं, म्हणून मी सोडून दिलं.

रेवाला पुन्हा थोडा खोकला झाला, तेव्हा आंटींना त्रास नको म्हणून मी एकटीच मेडिकल हॉलमध्ये गेले आणि म्हटलं, एक मडकंही द्या. दुकानदार खूश झाला. "चांगलं. स्वतःचं असावं. उसनं घेतलं तरी चालतं, पण मग परत करता येत नाही."

मी विचारलं, का?

"ओल्ड पीपल बिलीफ ला. मडकं आजाऱ्याच्या घरी राहतं. ज्याचं आहे त्याला लागलं तर तो स्वतः येऊन नेतो. पण आपण नेऊन दिलं म्हणजे आजार नेऊन दिला त्याच्या घरी." तो हसत हसत मडकं वर्तमानपत्रात गुंडाळत होता. "तुम्ही इंडियन, तुम्हाला माहीत नसणार."

मी ते मडकं तिथेच ठेवून आले. कशी घरी पोहोचले ते मला आठवत नाही. दारावर थांबलेले त्यांचे हात तेवढे डोळ्यांसमोर होते. यू कीप. आय नीड, आय कम टेक. आजारपणाचं आजाऱ्यासमोर बोलायचं नसतं म्हणून रेवासमोर त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. आणि मी वाजतगाजत, सात लाडवांसकट, ते दुखणं त्यांच्या हातात दिलं होतं.

निखिल फोनवर वैतागला. "मडक्यातून कॅन्सर जातो? तू हे बोलतेस?"

"जात नाही, हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांना माहीत आहे का?"

प्रश्न एवढाच होता. तिथे, समोरच्या दारामागे, ती बाई बिछान्यावर पडून काय समजत होती? ज्या शेजारणीला आपण पोटच्या मुलीसारखं खाऊ घातलं, तिनेच हे आणून दिलं, असं मनात घेऊन ती जाणार होती का? मला तेवढं फक्त विचारायचं होतं, माफी मागायची होती, आणि मला धीर होत नव्हता. मी रोज दारापर्यंत जायची आणि कचरा टाकून परत यायची. चार वाजता त्यांच्या घरून काढ्याचा वास यायचा. हुई उकळत असे, बहुतेक त्याच मडक्यात. मी खिडक्या लावून घ्यायची. झोप गेली. एके दिवशी रेवा म्हणाली, "ममा, यू ऑल्सो सिक?" तेव्हा मी उठले.

हुईने जाळीचं दार उघडलं, पण बाजूला व्हायला वेळ लावला. आंटी खिडकीशी पलंगावर होत्या. शरीर एवढंसं उरलेलं. ओट्यावर ते मडकं होतंच. मी पलंगाशी जमिनीवर बसले.

"आंटी, ते मडकं. मला माहीत नव्हतं."

त्यांनी डोळे उघडले. "कोणी सांगितलं?"

"दुकानात."

"तो माणूस फार बोलतो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आय नो. तू रिकामं देत नाहीस. साखर देतेस."

म्हणजे त्यांना माझा राग नव्हता. एवढं ऐकून मी रडायला लागले, आणि तिथेच उठून आले असते तर बरं झालं असतं. पण मी विचारलं, "मग तुम्ही घेतलं कशाला? नाही म्हणायचं होतं. मी घेऊन गेले असते परत."

आंटींनी माझ्याकडे अगदी आश्चर्याने बघितलं.

"हाऊ कॅन? तुझ्या घरातून बाहेर निघालं. मी नाही घेतलं तर कुठे जाणार? परत आत. आत मूल आहे."

मी ओट्यावरच्या मडक्याकडे बघितलं.

"मी म्हातारी. शी सो स्मॉल," त्या म्हणाल्या. भाजी निवडताना चांगलं कुठलं ते सांगावं, तेवढ्याच साध्या आवाजात.

मी भाषण तयार करून गेले होते. ते मी म्हटलं. आंटी, असं काही नसतं. ही गाठ त्याच्या आधीपासूनची असणार, डॉक्टरांना विचारा, मडक्यातून आजार जात नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर ऑल्सो करेक्ट," म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं. मला कळलं की त्यांनी एक शब्दही मानलेला नाही. त्या रविवारी दारात, चार-पाच श्वासांत, त्यांनी हिशेब करून निर्णय घेतला होता आणि तो त्यांना आजही पटलेला होता.

हुई मला सोडायला कॉरिडॉरमध्ये आली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "मी तिला म्हटलं होतं, घेऊ नकोस, फेकून दे. ती म्हणाली, गप्प बस, त्या लहान मुलीला ऐकू जाईल." मग तिने दार ओढून घेतलं.

तेव्हापासून मी काय करावं ते मला समजलेलं नाही. आकडे मला येतात. त्या मडक्याचा आणि त्या गाठीचा काडीचाही संबंध नाही, हे मी कुणालाही पटवून देईन. पण एका बाईने माझ्या मुलीवरचं मरण समजून ते दोन्ही हातांनी घेतलं, थँक यू म्हणून घेतलं, हे खरंच घडलं आहे. मरण खोटं होतं म्हणून घेणं खोटं ठरत नाही. याची परतफेड कशी करायची असते, हे आईलाही विचारून बघितलं. ती फोनवर नुसती रडली.

पुढच्याच आठवड्यात त्यांना शेवटच्या दिवसांसाठी हॉस्पिसमध्ये हलवलं. दुपारची दोनची वेळ. दोन माणसं त्यांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन चालली होती, मागे हुई पिशवी घेऊन. मी निरोप द्यायला कॉरिडॉरमध्ये उभी होते. खूप बोलायचं ठरवलं होतं. त्यांची खुर्ची लिफ्टसमोर पोहोचली आणि लिफ्टचं दार उघडलं, तर आतून रेवा बाहेर आली. शाळेचा युनिफॉर्म, पाठीवर दप्तर.

"आंटी! व्हेअर यू गोइंग?" ती धावत पुढे आली.

आंटींनी हात वर केला, तळवा समोर धरून. "गो इन. शट डोअर." एवढ्या मोठ्याने त्या कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या. रेवाला समजलं नाही, ती खुर्चीला हात लावायला गेली. तेव्हा त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबला आणि मान भिंतीकडे पूर्ण वळवली. त्यांचे खांदे हलत नव्हते. त्यांनी श्वास रोखून धरला होता. मला त्यांची नुसती मान दिसत होती, आणि कानामागची काळी पिन.

आणि मी, आजार असा जात नाही म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांच्यापाशी बसून सांगणारी मी, धावले. रेवाचं दप्तर धरून तिला मागे ओढलं, घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

"ममा, व्हाय यू शट द डोअर?" रेवा रडकुंडीला येऊन म्हणाली. "आय डिडन्ट से बाय."

बाहेर लिफ्टचं दार बंद झालं. माझा हात कडीवर होता. मी दार उघडलं नाही.